दुधाळ रक्त आणि देहावरील त्याच्या खुणा

(वार्षिक संमेलनात दिलेले आरोग्यविषयक व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांची वसतिगृहे, विवाहातील खर्च, शिष्यवृत्त्या आणि समाजाची एकजूट या विषयांवर आपण प्रतिवर्षी विचार करीत आलो आहोत. हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु ज्या देहाच्या आधारावर मनुष्य शिकतो, कमावतो आणि संसार करतो, त्या देहाविषयी आपण फारसे बोलत नाही. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्यावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली. तेव्हा मधुमेह, रक्तदाब, क्षय असे परिचित विषय सोडून रक्तातील एका स्निग्ध पदार्थाविषयी, म्हणजे ट्रायग्लिसराइडविषयी, बोलण्याचे आम्ही ठरविले. हे नाव जड आहे. पण ज्या घटनेमुळे आम्ही हा विषय निवडला, ती ऐकल्यावर तो आपणांस परका वाटणार नाही, असा आम्हांस विश्वास आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण आमच्याकडे आला. वय छत्तीस. चंद्रपूरच्या बाजूस कोळशाच्या वाहतुकीवर तो गाडी चालवीत असे. दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेखाली त्याला बारीक पिवळसर पुळ्या आल्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मुळाशी किंचित लाल, मधून मधून खाजणाऱ्या. खरजेचे मलम लावून चार महिने लोटले होते, पण गुण नव्हता. आम्ही रक्त तपासावयास पाठविले. तपासणीगृहाकडून चिठ्ठी आली की नमुना दुधाळ आहे, तपासणीस अयोग्य आहे, उपाशीपोटी पुन्हा पाठवावा. आम्ही त्या तरुणास सांगितले, ‘आठ दिवसांनी उपाशीपोटी या.’ येथे आमची चूक झाली, हे आम्ही या सभेत उघडपणे कबूल करतो. पुळ्या डोळ्यांसमोर होत्या आणि रक्त दुधाळ असल्याचे कागदावर लिहून आले होते. त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी आम्हांस त्या दिवशी झाली नाही. नमुना बिघडलेला नव्हताच. तो दुधाळपणा हेच रोगाचे निदान होते.

सहाव्या रात्री एका लग्नाची पंगत आटोपून तो घरी आला आणि पहाटे पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ उठली. ती थेट पाठीत जात होती. ओकाऱ्या थांबेनात. त्याला नागपुरास हलवावे लागले. ट्रायग्लिसराइडचा आकडा चार हजारांवर निघाला, साखरही फार वाढलेली होती आणि स्वादुपिंडास तीव्र दाह झाला होता. त्याची आई आम्हांस म्हणाली, ‘साहेब, माझ्या लेकराच्या रगतात दूध कोठून आलं जी?’ त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी नीट देऊ शकलो नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आपण जे तेल, तूप, लोणी खातो, ते रासायनिक दृष्ट्या मुख्यतः ट्रायग्लिसराइडच होय. ग्लिसरिनच्या एका कण्याला स्निग्धाम्लांचे तीन पदर जोडलेले असतात, म्हणून नावात ‘ट्राय’ म्हणजे तीन. स्निग्ध पदार्थांची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी उलगडली आणि १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तेल पाण्यात मिसळत नाही आणि रक्त तर बव्हंशी पाणीच. यास्तव निसर्गाने एक युक्ती केली आहे. आतड्यातून शोषिलेली चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधून बारीक गोळ्यांच्या रूपाने रक्तात सोडली जाते. या मोठ्या गोळ्यांस कायलोमायक्रॉन म्हणतात. यकृतही स्वतः चरबी तयार करून अशाच, पण लहान, गोळ्यांतून रक्तात पाठविते. केशवाहिन्यांच्या भिंतींवर एक पाचकद्रव्य असते. ते या गोळ्यांतील चरबी फोडते आणि स्नायूंच्या व मेदाच्या स्वाधीन करते. बाजारात आलेल्या मालाच्या गाड्या रिकाम्या करणारे हमाल असावेत, तसे त्याचे काम आहे. हमाल थोडे पडले, किंवा गाड्याच बेसुमार आल्या, तर रस्ता तुंबतो. रक्तात चरबी तुंबते ती याच रीतीने.

यकृत ही चरबी केवळ तुपातून बनवीत नाही, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. गरजेपेक्षा अधिक खाल्लेला भात, साखर, गूळ, मिठाई आणि मद्य यांपासूनही यकृत चरबी घडविते. ‘आम्ही तूप खात नाही, मग आमच्या रक्तात चरबी कशी?’ असे पुष्कळ लोक विचारतात. त्याचे उत्तर त्यांच्या ताटातील भाताच्या ढिगात आणि दिवसातून सहा वेळा घेतलेल्या गोड चहात असते. मधुमेहात इन्सुलिन उणे पडले की वर सांगितलेले हमाल मंदावतात आणि यकृतातून गाड्या मात्र अधिक सुटतात. आमच्या त्या तरुणास मधुमेह होता. तो कोणी तपासलाच नव्हता.

आता आकडे सांगतो. रात्रभर, म्हणजे नऊ ते बारा तास, उपाशी राहून तपासलेल्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी ट्रायग्लिसराइड असणे योग्य. १५० ते १९९ ही सीमारेषा. २०० ते ४९९ वाढलेले आणि ५०० च्या पुढे अतिशय वाढलेले समजावे. वाढ मध्यम असेल तर हृदयरोगाची भीती वाढते. ५०० ओलांडल्यावर स्वादुपिंडाच्या दाहाची भीती सुरू होते आणि हजाराच्या पुढे ती फार मोठी होते.

देहावर याच्या खुणा कोणत्या, हा आजचा मुख्य विषय. पहिली खूण त्वचेवर दिसते. आकडा हजार-दोन हजारांपलीकडे बराच काळ राहिला की चरबी त्वचेत साचून एकाएकी पिवळसर पुळ्यांचे घोस उठतात. त्यांच्याभोवती लालसर कडे असते. कोपर, गुडघे, खांदे, पाठ आणि नितंब या त्यांच्या आवडत्या जागा. वैद्यकात त्यांस झॅन्थोमा म्हणतात. ग्रीक भाषेत ‘झॅन्थोस’ म्हणजे पिवळा. या पुळ्या संसर्गजन्य नाहीत, खरूज नाहीत आणि कोणाची दृष्ट लागूनही येत नाहीत. रक्त निवळले की काही आठवड्यांत वा महिन्यांत त्या मलमावाचून आपोआप विरतात. तळहाताच्या रेषांत नारिंगी-पिवळी छटा उतरली, तर तीही एका विशिष्ट आनुवंशिक प्रकाराची खूण आहे. पापण्यांवरील पिवळे चट्टे मात्र निराळे समजावे. ते असणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांच्या रक्तात काही दोष आढळत नाही. तरीही ते दिसल्यास एकदा रक्त तपासणे शहाणपणाचे. टाचेच्या शिरेवर येणाऱ्या गाठी ट्रायग्लिसराइडपेक्षा कोलेस्टेरॉलच्या वंशागत विकाराकडे बोट दाखवितात.

दुसरी खूण नेत्रात असते. आरशात ती दिसत नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी दृष्टिपटल पाहिले असता एरवी लाल दिसणाऱ्या रक्तवाहिन्या फिकट गुलाबी, किंबहुना सायीच्या रंगाच्या दिसतात. हेल नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने १८८० मध्ये हे प्रथम लिहून ठेविले. नवल असे की रुग्णाची दृष्टी बहुधा शाबूत असते. त्यामुळे त्याला काहीच कळत नाही.

तिसरी खूण पोटात. यकृत चरबीने भरून वाढते आणि पुष्कळदा प्लीहाही वाढते. आपल्या जंगलपट्टीत हिवतापानेही प्लीहा वाढते. त्यामुळे ही खूण त्या खात्यावर मांडली जाण्याचा संभव असतो. पोटातील दाहाची कळ ही तर धोक्याची घंटाच आहे. वरच्या पोटात उठून पाठीकडे जाणारी, पुढे वाकून बसल्यास थोडी हलकी वाटणारी आणि ओकाऱ्यांसह येणारी अशी ती कळ असते. या भागात सिकलसेल असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्या आजारातही पोटदुखीचे झटके येतात. पित्ताशयातील खड्यांनीही अशीच कळ येते. म्हणून ‘हे नेहमीचेच’ असे म्हणून घरी पडून राहू नये. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात गेला पाहिजे.

चौथी खूण खुद्द रक्तात असते, आणि सर्वांत थोड्या खर्चात ओळखता येणारीही हीच. रक्त नळीत गोठल्यावर वर राहणारा द्रव निवळ, फिकट पिवळा असावयास हवा. तो ताकासारखा गढूळ वा दुधासारखा पांढरा दिसला, तर तेवढ्यावरून अनुमान करता येते. तोच द्रव रात्रभर शीतकपाटात ठेवावा. सकाळी दुधावर साय यावी तसा पांढरा थर वर तरंगला, तर आतड्यातून आलेले मोठे गोळे साचले आहेत. थर न येता सगळाच द्रव गढूळ राहिला, तर यकृतातून आलेले लहान गोळे अधिक आहेत. दोन्हीही असू शकतात. धानोरा, भामरागड, एटापल्ली, जिवती यांसारख्या दूरच्या तालुक्यांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरबंधूंनी ही साधी कसोटी स्मरणात ठेवावी. आणखी एक सावधगिरी अशी की दुधाळ रक्तात इतर तपासण्या फसवितात. सोडियम खोटे कमी दिसते, हिमोग्लोबिन खोटे जास्त दिसते, आणि स्वादुपिंडाच्या दाहात वाढणारे अमायलेज प्रत्यक्ष दाह असूनही सामान्य दिसू शकते. म्हणून तपासणीगृहात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमची विनंती आहे की दुधाळ नमुना ‘खराब’ म्हणून टाकून देऊ नये. ‘दुधाळ’ हा शब्द ठळक लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावा.

हे सर्व सांगून झाल्यावर एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. अंगावर खूण नाही म्हणून रक्त शुद्ध आहे, असे कोणी समजू नये. आकडा दोनशे-चारशेच्या घरात असणाऱ्यांच्या देहावर यांपैकी एकही खूण नसते, आणि वाढ असणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक याच घरातले. खुणा म्हणजे पुराची ती पातळी, जी गावात पाणी शिरल्यावरच दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील प्रौढांची रक्ते तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार २९.५ टक्के लोकांत ट्रायग्लिसराइड वाढलेले होते, तर एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले केवळ १३.९ टक्के होते. हितकारक मानले जाणारे एच.डी.एल. ७२.३ टक्के लोकांत कमी होते. आपल्या देशाचा दोष कोणत्या बाजूस झुकतो, हे यावरून स्पष्ट होईल.

‘हे शहरी श्रीमंतांचे रोग, आम्हां झाडीपट्टीतल्या माणसांस काय त्याचे?’ असे कोणी म्हणेल. गडचिरोलीतच राहून खेड्यांत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांस वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक महाराष्ट्रभर वाचले गेले, हे आपणांस विदित आहेच. अरण्याचे कुंपण या विकाराला अडवीत नाही. उलट, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले की आपली मुले जन्मतः वजनाने कमी असूनही त्यांच्या देहात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. अशा बालकास पुढे भरपूर अन्न आणि थोडे श्रम अशी स्थिती लाभली की मधुमेह आणि रक्तातील चरबी यांची वाट मोकळी होते. आपल्या जिल्ह्यांत कमी वजनाची बालके जन्मणे ही जुनीच व्यथा आहे. काल ज्या घरात उपास होता, त्याच घरात आज हा आजार शिरतो, हे दैवदुर्विलास म्हणावे असे आहे.

आपले वडील आजोबाही भातच खात होते. मग त्यांस का झाले नाही? ते चिखलात रोवणी करीत, बोडीचे पाणी वळवीत, मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यास कोसकोस चालत. खाल्लेला भात संध्याकाळपर्यंत अंगातच जळून जाई. आज नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी शोधिलेला एच.एम.टी. तांदूळ घरोघरी शिजतो. त्या गुणी शेतकऱ्याचा आपणांस अभिमानच वाटला पाहिजे. दोष तांदळाचा नाही. बल्लारपूरच्या कारखान्यात, खाणीवर, वीजकेंद्रात किंवा कचेरीत आठ तास बसून आल्यावरही आपण आजोबांएवढाच भात वाढून घेतो, हा दोष आपला आहे. शिवाय ‘अंगाने भरला’ म्हणजे खात्यापित्या घरचा, असे मानण्याची आपली रीत अजून गेलेली नाही.

मद्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असावी की नसावी, हा वाद येथे आम्ही करीत नाही. वैद्य म्हणून आम्हांस दिसते ते एवढेच की लोक भीतीने आणि लाजेने डॉक्टरांपासूनही पिणे लपवितात. आमच्या त्या तरुणाने आम्हांस ‘घेत नाही’ असेच सांगितले होते. मद्य यकृताला चरबी बनविण्यास लाविते, आणि ज्याच्या रक्तात ती आधीच तुंबली आहे, त्यास मोहाची एक रात्र दाहाकडे लोटू शकते. डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे. त्याच्याजवळ खरे बोलावे.

भगिनींस विशेष सांगणे असे की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ट्रायग्लिसराइड स्वभावतःच वाढते. पण जिच्या घराण्यात हा दोष आहे, तिच्यात ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेन, स्टेरॉइडची औषधे, कंठग्रंथीचे मांद्य आणि मूत्रपिंडाचे विकार हीही वाढीची कारणे आहेत. म्हणून औषधांची यादी डॉक्टरांस दाखवावी. मात्र चालू औषध आपल्याच मनाने बंद करू नये.

आता एक नाजूक गोष्ट. ज्यात ते पाचकद्रव्य जन्मतःच निकामी असते असा एक प्रकार आहे. तो फार विरळ, दहा लाखांत एखादा. त्यात तान्ह्या वा लहान मुलाचेच रक्त दुधाळ असते आणि पोटदुखी वारंवार होते. आई व बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो, आणि तशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक असा धोका असतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यात अनेक घराण्यांत आहे. ज्या घरात असे मूल झाले असेल, त्यांनी तरी नात्यातील संबंधाआधी सल्ला घ्यावा. त्याहून कितीतरी अधिक आढळते ती घराण्यातून येणारी सौम्य प्रवृत्ती. मधुमेह, मद्य वा स्थूलता मिळाली की ती पेट घेते. त्या तरुणाच्या धाकट्या भावाचे रक्त आम्ही तपासविले. त्यास काही त्रास नव्हता, अंगावर एक पुळी नव्हती, आणि आकडा सहाशेच्या पुढे होता. पण तपासणीस त्यांच्या घरचे प्रथम राजी नव्हते. कारण एवढेच की बहिणीचे लग्न ठरावयाचे होते आणि ‘घराण्यात रोग आहे’ असे कानोकानी झाले तर स्थळ मोडेल, ही भीती. बंधूंनो, ही भीती त्यांची नव्हे, ती आपण सर्वांनी निर्माण केलेली आहे. ज्या समाजात आजार सांगितल्याने सोयरीक मोडते, त्या समाजात आजार लपविला जाणारच.

उपाय आहेत, आणि ते बव्हंशी आपल्या हातचे आहेत. मद्य पूर्ण सोडणे, मधुमेह ताब्यात आणणे, साखर व गोड पेये टाळणे, भात मोजून घेऊन ताटात वरण, लाखोळीची भाजी, पालेभाज्या यांना जागा देणे, रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे. स्थूल मनुष्याने वजन शेकडा पाच-दहा उतरविले तरी आकडा सुमारे एक पंचमांश खाली येतो. मात्र आकडा हजारापलीकडे असेल तर सर्वच प्रकारचे तेल-तूप, मग ते जवसाचे असो वा टोरीचे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी थोडे ठेवावे लागते. तेथे ‘चांगले तेल’ असा भेद चालत नाही. फेनोफायब्रेटसारखी औषधे आहेत, आणि जन्मजात प्रकारासाठीही अलीकडे नवी औषधे निघाली आहेत. लिंबूपाणी वा लसूण घेऊन ‘रक्त पातळ’ करण्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

आमच्या त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगून भाषण आटोपतो. तो वाचला. एकोणीस दिवसांनी घरी आला. तीन महिन्यांत पुळ्या विरल्या आणि कोपरांवर डागही उरला नाही. परंतु स्वादुपिंडास झालेली इजा भरून आली नाही. त्याला दररोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते आणि लांबच्या गाडीची नोकरी सोडावी लागली. आम्ही त्या दुधाळ चिठ्ठीचा अर्थ त्याच दिवशी लाविला असता, तर कदाचित एवढी किंमत पडती ना. ही रुखरुख आमच्याजवळ आहे आणि राहील.

यास्तव या संमेलनापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पुढील वर्षापासून संमेलनाच्या सकाळी, चहा-फराळापूर्वी, तीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांची साखर व ट्रायग्लिसराइड तपासण्याची व्यवस्था मंडळाने करावी आणि ज्याचा अहवाल त्याच्याच हाती द्यावा. दुसरी, समाजाच्या पंगतीत एकच गोड पदार्थ असावा आणि आग्रहाची प्रथा बंद व्हावी. तिसरी, विवाह जुळविताना घराण्यातील आजार सांगणाऱ्यास आपण दोष न देता मान द्यावा. पहिल्या दोन विनंत्यांस थोडा पैसा आणि थोडी शिस्त पुरेल. तिसरीस मनाचा मोठेपणा लागेल, आणि तो आपल्या ज्ञातीत आहे अशी आमची श्रद्धा आहे.